दिवेलागणीचा फोन

१

शेळगावात जयवंताच्या दोन नंबरच्या शेडचं दार सरकलं आणि करुणाचा पाय बाहेरच अडला. आत आवाज नव्हता. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये आवाज नसणं म्हणजे काय, हे पिंपळीत वाढलेल्या पोरीला वेगळं सांगावं लागत नाही. सगळे पक्षी दाराकडं यायला निघाले होते आणि दाराशीच एकमेकांवर आडवे झाले होते. करुणानं ओढणी नाकाला लावली, तरी वास आत शिरलाच.

"काल सांजच्याला लाइट गेली," जयवंता म्हणाली. बाईचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज कोरडा होता. "जनरेटरनं आपला आपण चालू व्हायचं. त्यो आडून बसला. पंखं थांबलं. ह्या शेडला खिडकी न्हाय का झरोका न्हाय, समदा खेळ पंख्यावर. दसऱ्यानंतरची ही गरमी. पंखा थांबला की पाखरू जागच्या जागी उकडतंय. मला फोन आला असता तर पळत येऊन हातानं जनरेटर सुरू केला असता. घर काय लांब हाय व्हय माझं?"

"म्हणजे धोक्याचा फोन आलाच नाही?"

जयवंतानं मागं वळून पाहिलं. बांधावर कुणी नव्हतं, तरी तिनं आवाज खाली आणला.

"फोन आला की. कुंडलिकचा आला."

भर उन्हात करुणाच्या अंगावर काटा उभा राहिला. कुंडलिक दोन वर्षांपूर्वी भिगवणच्या रस्त्यावर अपघातात गेला होता. त्याच्या मयतीला ती स्वतः हजर होती.

"आवाज त्येचाच, बाई. 'राम राम, कुंडलिक बोलतोय. तुमचं एक नंबर शेड ठीक हाय. निवांत चहा घ्या.' येवढंच म्हनला आन् ठेवला. जित्ता हुता तवा रोज सांजच्याला असाच फोन यायचा. मला वाटलं, दादासोनं भावाची जुनी रीत परत सुरू केली."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार?" जयवंता म्हणाली. "चहा ठेवला."

२

कुंडलिक हा मोठा कल्पक माणूस. आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरला, नातवानं कोंबड्यांच्या शेडची राखण फोनवर आणली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेडमध्ये त्यानं उष्णता मोजणारी यंत्रं बसवली आणि कन्हेरीत घराच्या खालच्या मजल्यावर एक सर्व्हर ठेवला. पंखा थांबला की सर्व्हरला कळणार आणि शेतकऱ्याचा फोन वाजणार. आणि सगळं ठीक असलं तरी सांजेला एक फोन जायचा, कुंडलिकच्याच भरून ठेवलेल्या आवाजात. माणसं म्हणायची, ह्याचा फोन आला की मगच घास उतरतो.

तो गेल्यावर धाकटा भाऊ दादासो धंदा बघू लागला आणि सर्व्हरचं काम आलं बुद्धघोषकडं. बुद्धघोष करुणाचा धाकटा भाऊ. ती स्वतः पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, दसऱ्याची रजा वाढवून घरी राहिली होती. सकाळीच दादासोचा फोन आला तेव्हा ती पिंपळीच्या घरात भाकरी थापत होती.

"दसऱ्यापास्नं रोज सांजच्याला नेटवर्क तुटतंय. काल जयवंताचं शेड मेलं," दादासो म्हणाला होता. "फोन कुठनं गेला त्याची नोंद मी बघितली. तुज्या भावाच्याच यंत्रातनं गेलाय. आज दिवेलागणीपर्यंत मला कारण सांगा, न्हायतर मी पोलीस स्टेशनला चाललो. मेलेल्या मानसाच्या आवाजात थट्टा? आमच्या आईनं आजून त्येचं अंथरूण काढलं न्हाय."

करुणानं भाकरी तव्यावर तशीच जळू दिली. भीती पोलिसांची नव्हती. भीती वेगळीच होती आणि ती तिनं आईलाही सांगितली नव्हती. धम्मचक्र दिनासाठी दसऱ्याला सगळं घर नागपूरला गेलं होतं. दीक्षाभूमीच्या त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर, सांजेला, बुद्धघोष रस्त्याच्या कडेला मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला तिनं पाहिला होता. ती जवळ गेली तशी त्यानं लॅपटॉप पटकन मिटला. नेमकी तेव्हाच इकडं गडबड सुरू झाली होती.

शेळगावहून ती आधी इंदापूरला गेली. तिथं ऋषिराजचं दुकान होतं. हा ऋषिराज पूर्वी कुंडलिकच्या हाताखाली होता. दादासोशी भांडून निघाला आणि आता स्वतःच शेडमध्ये यंत्रं बसवत होता.

"या, या. सीआयडी आली म्हणायची," त्यानं खुर्ची पुढं केली. "माझ्यावर संशय असंल तर उघड बोला. मला फायदा झालाय, खोटं कशाला बोलू? ह्या आठवड्यात त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली."

"जयवंताचं शेड तुम्हाला माहीत आहे?"

"दोन नंबरचं? मीच तर यंत्रं बसवली गेल्या साली. दादासोनं नाक मुठीत धरून मलाच बोलावलं. दुसरं येतंय कुणाला?"

"कन्हेरीच्या घरी जाता का अजून?"

"कुंडलिकच्या आई बोलवत्यात. सारजाकाकू पोटच्या पोरावानी करत्यात. कोजागिरीला गेलो होतो ना. नेमक्या काकू लेकीकडं अकलूजला गेलेल्या, मग दादासोनंच दूध आटवलं. आटवलं कसलं, करपवलं. मी, दादासो, तुमचा भाऊ, सगळे नाक दाबून प्यालो." तो हसला, मग एकदम गप्प झाला. "एक सांगू? त्या दिवशी भुताला सुट्टी होती. दसऱ्यापास्नं एक दिवस चुकला न्हाय, पण कोजागिरीला कुणालाच फोन आला न्हाय, काय तुटलं न्हाय. आमी सगळे एकमेकांसमोर बसलो होतो. म्हंजी समजा."

करुणाला ते नीट समजलं. जो हे करत होता, त्याला त्या दिवशी करता आलं नव्हतं. आणि समोरासमोर बसलेल्यांत बुद्धघोषही होता.

३

कन्हेरीच्या ऑफिसात शिरल्याबरोबर करुणाला जाणवलं की कुणीच मोठ्यानं बोलत नाही. फोन वाजला की दादासो दचकत होता.

"कोण कुठला माणूस असता तर मी सोडला असता," तो म्हणाला. "पण बुद्धघोषला भावाच्या जागी मानलं. यंदा खंडेनवमी आन् दसरा येकाच दिशी आला. आमी समद्या यंत्रांची पूजा घातली, त्याला आदल्या दिशी म्हनलं थांब, तर म्हनला आमच्याकडं हे नसतंय आन् मला नागपूरला जायचंय. बरं, जा. तर पूजेच्याच सांजेला पैला फोन गेला."

"तो तेव्हा इथं नव्हताच."

"नागपुरातनं करता येत न्हाय व्हय? तूच सांग, तू शिकलेली हायस."

करता येतं. हे करुणाला ठाऊक होतं.

"तुम्ही हा धंदा पुण्याच्या कुणाला विकताय, असं ऐकलं," तिनं विषय फिरवला.

दादासोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बोलनं चालू हाय. म्हंजी मीच माझ्या धंद्याला आग लावीन? मेलेली पाखरं बघून भाव वाढतोय का घटतोय?"

हे बाकी खरं होतं. करुणा उठली आणि मागच्या खोलीत गेली.

बुद्धघोष सर्व्हरसमोर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. सर्व्हरच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदीकुंकू वाळून गेलं होतं. शेजारी बॅटरीवर, स्क्रू आवळायच्या पान्यावर, अगदी झाडूवरसुद्धा बोटं उमटली होती.

"ताई, मी काही केलेलं नाही," तो बसल्या जागेवरून म्हणाला.

"नागपूरला लॅपटॉप का मिटलास?"

 त्याचा चेहरा इतका पडला की तिला प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"म्हणजे तुलाही वाटतंय. अगं, त्या सांजेला पहिल्यांदा तुटलं. मी तिथनं दुरुस्त करत होतो. बाबा म्हणाले होते, आजच्या दिवशी काम नको. त्यांना दिसू नये म्हणून मिटला."

करुणानं खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.  भाऊ खरं बोलतोय एवढ्यानं पोलीस मानत नाहीत.

"आता पहिल्यापासून सांग. मी दादासो आहे असं समज."

"हा एक सर्व्हर. ह्याच्या आत कंटेनर आहेत. म्हणजे घर एक, पण भिंती घालून चुली वेगळ्या केल्यात. एक कंटेनर शेडची उष्णता गोळा करतो, एक धोक्याचे फोन लावतो, एक हिशोब ठेवतो. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. रोज दिवेलागणीला घराला काही होत नाही, पण चुली विझतात. कंटेनर तुटतो, परत येतो, परत तुटतो. शेडची माहिती कधी पोचते, कधी मध्येच गडप. जेवणं उरकायच्या सुमाराला आपोआप थांबतं. मी रोज सगळे कंटेनर बंद करून चालू करतो. काही उपयोग नाही."

"एकच पत्ता दोन कंटेनरला दिलायस का?"

"पहिल्याच दिवशी तपासलं. ह्या सर्व्हरमध्ये एकही पत्ता दोनदा नाही."

"आणि कुंडलिकचा आवाज?"

"तो ह्या सर्व्हरवर नाहीच, ताई! सारजाकाकूंना कुणाच्या फोनवर ऐकू आला तर काय वाटेल, म्हणून मी तो घेतलाच नाही. पण फोन लावणाऱ्या डब्याची नोंद सांगते, फोन माझ्याच कंटेनरच्या पत्त्यावरून गेला. दादासो तेच धरून बसलाय. मी तरी काय सांगू? रोज सांजेला इथं बसलं की मला मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी बुद्धवंदना म्हणत बसतो. हसू नकोस."

करुणा हसली नाही. तिनं नकळत मागं वळून पाहिलं.

"ठरलेल्या वेळेला होतं का? घड्याळ लावल्यासारखं?"

"नाही. मंगळवारी आभाळ भरून आलं होतं, तर दुपारच्या चहालाच सुरू झालं. आम्ही दिवे लावून बसलो होतो."

बाहेर ऊन उतरणीला लागलं होतं. करुणा भिंतीवरच्या वाळलेल्या झेंडूच्या माळेकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "बुद्धघोष, जयवंताला फोन करणाऱ्याला तिचं दुसरं शेडच माहीत नाही."

४

"म्हणजे?"

"आवाज काय म्हणाला? तुमचं एक नंबर शेड ठीक आहे. दोन नंबरचं नावसुद्धा नाही. आता बघ. दोन नंबरचं शेड ऋषिराजनं जोडलं. दादासो त्याचं बिल लावतो. तू त्याची माहिती रोज बघतोस. तुम्हा तिघांपैकी कुणी थट्टा केली असती तर दोन्ही शेडचं नाव घेतलं असतं. हा फोन करणारा दोन वर्षांपूर्वीच थांबलाय."

बुद्धघोषनं खुर्ची मागं सरकवली. "ताई, असं नको बोलू."

"माणसाबद्दल नाही बोलत मी. कुंडलिकचं पहिलं यंत्र कुठंय?"

"जुना सर्व्हर? तो भंगारात दिला. कुंडलिक गेल्यावर हा नवा आला तेव्हा मी आवाज सोडून त्याच्यातले कंटेनर जसेच्या तसे उचलून इथं आणले. पत्तेही तेच ठेवले. बदलले असते तर सगळ्या शेडमध्ये जाऊन यंत्रांना नवे पत्ते शिकवावे लागले असते. मग जुना बंद केला आणि दादासोनं..." तो मध्येच थांबला.

"दादासोनं काय?"

"दादासो म्हणाला, भंगारवाल्याला देऊन टाकलं."

"जाताना तू बघितलंस?"

बुद्धघोषनं मान हलवली. नाही.

करुणाला आता बसवेना. एका गल्लीत एकाच नावाची दोन माणसं राहिली तर पोस्टमन बिचारा काय करणार? एक पत्र ह्याला, एक त्याला. शेडमधून निघालेली धोक्याची खबर ह्या सर्व्हरकडं यायच्या ऐवजी दुसरीकडं जात असणार. आणि ती घेणारा जुना, जुन्याच आठवणींवर जगणारा, सगळं ठीक आहे असं सांगत सुटलेला. घरातल्या घरात पत्ते तपासून हे कसं सापडणार होतं? सारख्या नावाचा माणूस घराबाहेर होता.

"पण मग ते रोज सांजेलाच का जागं होतं? आणि कोजागिरीला का झोपलं?" बुद्धघोषनं विचारलं.

"आभाळ आलं की लवकर, नाहीतर दिवेलागणीला. हे घड्याळाचं काम नाही, माणसाच्या हाताचं आहे. अंधारून आलं की लाइट लावणाऱ्या हाताचं. आणि कोजागिरीचं ऋषिराज उलटं समजला. त्या दिवशी हजर कोण होतं ते विचारायचंच नाही. रोज ह्या घरात असतं आणि त्या दिवशी नव्हतं, असं कोण?"

उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, कारण ते तिला नको होतं.

खिडकीतलं ऊन तांबडं झालं, मग राखाडी. दादासो दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

"झालं का तुमचं?" त्यानं विचारलं. 

"पडद्याकडं बघू नको," करुणानं भावाला सांगितलं. "रोज तू पडद्याकडंच बघत बसलास. आज ह्याच्याकडं बघ." तिनं भिंतीवरच्या स्विचच्या डब्याकडं बोट केलं. इमारतीतल्या सगळ्या नेटवर्कच्या वायरी त्यात येत होत्या. जी वायर जागी असेल तिच्यापुढं हिरवा दिवा लुकलुकत होता. कोपऱ्यातल्या एका वायरीपुढं दिवा नव्हता. ती वायर सरळ छतातल्या भोकात गेली होती.

वरच्या मजल्यावर पावलं वाजली. सावकाश, फरशीला घासत. एक दार करकरलं.

कोपऱ्यातला दिवा लागला.

"ही वायर कुठं जाते?" करुणानं विचारलं.

दादासोच्या हातातली किल्ली खाली पडली. "कुंडलिकदादाच्या खोलीत," तो म्हणाला. "ती खोली बंद असतीया."

तेवढ्यात बुद्धघोष ओरडला, "ताई, शेळगाव तुटलं! जयवंताचं एक नंबर दिसेना!"

करुणा जिन्यानं वर धावली.  समोरच्या दाराखालून निळसर उजेड येत होता, आणि आत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं.

५

"आज लई दमल्यावानी आवाज येतोय रं तुजा," सारजा म्हणत होती.

खोलीत कॉट होती, कॉटवर घडी न मोडलेलं अंथरूण. टेबलावर कुंडलिकचा जुना सर्व्हर घरघरत होता. त्याच्यावर ताज्या झेंडूचं एक फूल आणि ठसठशीत कुंकू. पुढं स्टुलावर म्हातारी बसली होती, हात मांडीवर, यंत्राच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडं बघत. करुणाला पाहून ती ओशाळली.

"ये, पोरी. दादासोला सांगू नगं. त्यो म्हनला हुता भंगारात दे. मी भंगारवाल्याला दुसरं खोकं दिलं आन् हे कपाटात ठिवलं."

"मग बाहेर कधी काढलं, काकू?"

"खंडेनवमीला. खाली समद्यांची पूजा झाली. गाडीची झाली, झाडूची झाली. माझ्या पोराच्या हत्याराची न्हाय व्हायची? मग म्या वर माझी पूजा घातली. आन् पूजा घातल्यावर यंत्र येकदा चालवायचं अस्तंय, ही रीतच हाय. जी वायर जितं बसली तितं बसवली आन् बटन दाबलं." तिनं दिव्यांकडं बोट केलं. "तर हे लागलं. पोर काम करत बसलंय असंच वाटलं. तवापास्नं रोज द्येवापुढं दिवा लावती आन् मग हितं येती. निजायच्या आदी बंद करती. कुनाला काय तरास हाय त्येचा?"

 तिच्या घरी खंडेनवमी नव्हती. बंद पडलेल्या यंत्रालाही कुंकू लागतं, आणि लागलं की ते एकदा तरी चालवावं लागतं, हे तिला किंवा बुद्धघोषला सुचणंच शक्य नव्हतं. आणि ज्यांच्या घरी खंडेनवमी होती त्यांच्या लेखी हे यंत्र भंगारात गेलं होतं. ह्या म्हातारीला सांगायचं तरी कसं? पण खालून बुद्धघोषचा आवाज आला, "अजून दिसत नाही, ताई!" आणि दया करायला वेळ उरला नाही.

"काकू, हे यंत्र नुसतं दिवे लावत नाही. हे शेतकऱ्यांना फोन करतंय. कुंडलिकच्या आवाजात. सगळं ठीक आहे म्हणून सांगतंय. आणि शेडची खरी खबर इकडं येऊन अडकतीय, खाली पोचत नाही. काल जयवंताला असाच फोन गेला आणि तिचं दोन नंबरचं शेड मेलं."

सारजा स्टुलावरून तिच्याकडं वळली.  

"कुंडलिकचा आवाज?"

"हो."

"समद्यांना गेला?"

"ज्यांची शेडं जोडलीत त्यांना."

"मी रोज हितं शेजारी बसती," सारजा म्हणाली. "मला का न्हाय आला गं?"

 करुणा खाली बसली आणि तिनं म्हातारीचा हात हातात घेतला. हात गार पडला होता.

"आवाज ह्याच्यात आहे, काकू. मी आत्ता तुम्हाला ऐकवू शकते."

सारजाचे डोळे भरून आले. ती यंत्राकडं वाकली, अगदी कान लावायला वाकावं तशी. करुणाला वाटलं, आता ही हो म्हणणार, आणि आपल्याच्यानं नाही म्हणवणार नाही. खाली दादासो कुणाला तरी फोनवर ओरडून विचारत होता, जनरेटर चालू आहे का, जनरेटर. खिडकीबाहेर अंधार दाटत होता.

"जयवंताचं येक शेड जित्तं हाय न्हवं आजून?" सारजानं विचारलं.

"आहे. एक नंबरचं."

"मग आदी हे तोड. कुटली वायर?"

करुणानं दाखवली. म्हातारीनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच ती चपटी वायर ओढून काढली.

खालून बुद्धघोषची हाक आली, "आलं! शेळगाव आलं! पंखे चालू आहेत!" मग तो रडायला लागला असावा, कारण पुढचं काही कळेना.

६

सारजा जिना उतरून ऑफिसात आली, तेव्हा दादासो आणि बुद्धघोष दोघेही उठून उभे राहिले. आई ऑफिसात कधी येत नसे. करुणानं काय घडलं ते सांगितलं, भरभर, कुणी मध्ये बोलायच्या आत.

दादासो खुर्चीत बसला. "आई, तू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"म्याच," सारजा म्हणाली. "पोलिसाकडं जायचं हाय न्हवं तुला? चल. पर ह्या पोराचं नाव काडायचं न्हाय. तुज्या भावाचं काम ह्यानं राखलं. आन् तू चार मानसांत त्येला चोर म्हनलास."

दादासोनं मान खाली घातली. बुद्धघोषकडं न बघता तो म्हणाला, "चुकलं माझं." बुद्धघोष परत पडद्याकडं वळला. त्याला लगेच मोठं मन दाखवायचं नव्हतं आणि करुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

"भरपाईचं मी बघतो," दादासो पुढं म्हणाला. "सकाळी जयवंताला फोन करतो. यंत्रात बिघाड झाला म्हनून सांगू. जुनी मशीन, शॉर्टसर्किट, कायबी. तुझं नाव कशाला पायजे? लोक काय म्हनतील, आई? म्हातारीनं मेलेल्या पोराच्या नादानं शेड मारलं म्हनतील."

"म्हनू देत की. खरंच म्हनतील."

"आई..."

"शेळगावात काय बोलत्यात ते ठावं हाय मला. कुनी म्हनतंय बुद्धघोषनं केलं, कुनी म्हनतंय कुंडलिकचं भूत फिरतंय. माझं पोर भूत न्हाय. आन् हे पोर गुन्हेगार न्हाय. फोनवर सांगून कोन मानंल? गाडी काड. मी तिच्या दारात जाऊन सांगती."

 दादासोनं खाली वाकून किल्ली उचलली.

गाडीत मागच्या सीटवर सारजा एकटीच चढली आणि दार धरून थांबली. इतका वेळ ताठ असलेली म्हातारी एकदम लहान दिसायला लागली. मेलेल्या लेकाच्या यंत्रापुढं रोज सांजेला एकटी बसताना जिला कधी भीती वाटली नव्हती, तिची बोटं आता दाराच्या कडेवर पांढरी पडली होती.

"करुणा," तिनं हाक मारली. "जयवंता काय बोलंल गं मला?"

"माहीत नाही, काकू."

"मला भ्या वाटतंय. तू येतीस का संगं?"

करुणानं मागं पाहिलं. बुद्धघोष पायरीवर उभा होता. त्यानं 'जा' म्हणून मान हलवली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो स्वतःच पुढं आला आणि दादासोच्या शेजारी पुढच्या सीटवर बसला. करुणा सारजाजवळ जाऊन बसली. म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला, आणि गाडी शेळगावच्या रस्त्याला लागली.